माउलींची ओवी, आर्यभटाची नाव आणि स्टाफरूममधला वाद

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जिल्ह्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं मराठी शिकवणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन यंदा एकत्र साजरे करायचे, असं प्राचार्यांनी ठरवलं आणि ‘साहित्य आणि विज्ञान’ या विषयावर बोलायचं काम ताईंकडे दिलं. त्यांनी भाषण लिहून काढलं. मुख्य मुद्दा असा, की कोपर्निकसच्या अडीचशे वर्षं आधी ज्ञानेश्वर माउलींनी ‘न चालतां सूर्याचें चालणें’ असं लिहून सूर्य स्थिर असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे विज्ञानाला जे उशिरा कळलं, ते साहित्याला आधीच ठाऊक होतं. कच्चा मसुदा वाचून भौतिकशास्त्राचे सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मॅडम, हे मुलांना सांगू नका. कविता म्हणजे पुरावा नव्हे.’’ ताईंना ते फार लागलं. विज्ञान शाखेची मुलं मराठीऐवजी आयटी घेतात, मराठीचे वर्ग ओस पडत चाललेत, त्यात हे. त्या विचारतात: कार्यक्रमातून अंग काढून घेऊ का? की सरांना न जुमानता आहे तेच भाषण करू? आणि साहित्याचं विज्ञानाशी काही नातंच नसेल, तर या मुलांनी मराठी का शिकावी, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

ताई,

अंग काढून घेऊ नका. एवढं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकते, कारण तारीख जवळ येतेय आणि एकदा नाव मागे घेतलं की पुन्हा पुढे व्हायला फार संकोच वाटतो. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी जरा सावकाश बोलावं लागेल.

सर चारचौघांत बोलले ते बरं केलं नाही. अशी गोष्ट बाजूला घेऊन सांगायची असते. तुम्हाला लागलं यात नवल नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले. तुम्ही लिहिलंय, ‘‘माझा अपमान मी गिळला असता, माउलींचा कसा गिळू?’’ सरांनी माउलींबद्दल काही म्हटल्याचं मला पत्रात कुठे दिसलं नाही. ते तुमच्या मुद्द्याबद्दल बोलले. आणि खरं सांगायचं तर तो मुद्दा माउलींनी मांडलेला नाही, तो आपण आपल्या काळातून तिथे नेऊन ठेवलाय. तेव्हा आधी ओवीकडेच जाऊ.

चौथा अध्याय. गीतेतला श्लोक ‘कर्मण्यकर्म यः पश्येत्’ हा. कर्मात असूनही जो आपण काही करत नाही हे जाणून असतो, त्याचं वर्णन चाललंय. तुम्ही घेतलेली ओवी अशी:

आणि उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चालतां सूर्याचें चालणें ।
तैसें नैष्कर्म्यत्व जाणें । कर्मींचि असतां ॥

आता हिच्या दोनच ओव्या मागे जा:

अथवा नावे हन जो रिगे । तो थडियेचे रुख जातां देखे वेगें ।
तेंचि साचोकारें जों पाहों लागे । तंव रुख म्हणे अचळ ॥

नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगाने जाताना दिसतात. तोच नीट पाहू लागला की म्हणतो, झाडं तर जागची हललेलीही नाहीत. आणि मग लगेच सूर्य. ही ओवी तुमच्या भाषणात नाही, आणि मला वाटतं खरा ऐवज तिच्यातच आहे.

माउली इथे खगोलाबद्दल काही सिद्ध करायला बसलेले नाहीत. श्रोत्याला ज्यावर मान डोलावता येईल असा दाखला देऊन ते एक न दिसणारी गोष्ट समजावतायत. सूर्याचं चालणं हा भास आहे, हे ओवीत आहेच. ते सरांनाही नाकारता येणार नाही. पण ते कशावरून, कुणी मोजलं, कसं तपासलं, याबद्दल ओवी काही सांगत नाही. ते तिचं कामही नव्हे. तिला पोचायचंय ते नैष्कर्म्यापर्यंत. शिवाय त्याच ग्रंथात, दहाव्या अध्यायात, मेरू पर्वतही आहे. मग तिथे काय करणार? आजच्या विज्ञानाशी जुळतं तेवढं उचलायचं आणि जुळत नाही त्यावर पांघरूण घालायचं, हे माउलींच्या बाबतीत तरी मला करवत नाही. तो ग्रंथ असा तुकडे पाडून वाचायचा नाही, हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नव्हे.

आता जरा मागे जाऊ. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. त्याच्या जवळजवळ आठशे वर्षं आधी, इ.स. ४९९ मध्ये, २३ वर्षांच्या आर्यभटाने ‘आर्यभटीय’ रचलं. त्यातल्या ‘गोलपाद’ या खगोलावरच्या भागात ही आर्या, म्हणजे आर्या वृत्तातला श्लोक, आहे:

अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत् ।
अचलानि भानि तद्वत् समपश्चिमगानि लङ्कायाम् ॥

पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू उलट दिशेने जाताना दिसतात, तसे लंकेत, म्हणजे त्या काळच्या गणनेत विषुववृत्तावर, स्थिर तारे थेट पश्चिमेकडे जाताना दिसतात. तीच नाव, ताई! माउलींनी आर्यभट वाचला होता असं मी अजिबात म्हणत नाही. नावेत बसलं की काठ पळताना कुणालाही दिसतो. गोदाकाठच्या माणसाला तर त्यासाठी कुठलाच ग्रंथ उघडायला नको. पण एकच अनुभव एकाने ताऱ्यांच्या कामी लावला आणि दुसऱ्याने कर्माच्या, हे किती विलक्षण आहे. मला तर हे ‘आधी कोणी सांगितलं’ या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

इथे एक गोष्ट भाषणात दुरुस्त करावी लागेल. आर्यभट बोलतोय ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हा कोपर्निकसचा मोठा मुद्दा निराळा. तुमच्या मसुद्यात हे दोन्ही एकात एक मिसळलेत. माझा अंदाज आहे, सर तिथेच अडखळले असणार.

आणि आर्यभटाचं तरी सगळ्यांनी कुठे मानलं? सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त बिनतोड वाटणारा प्रश्न टाकला: पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात गेलेले ससाण्यासारखे पक्षी आपल्या घरट्याकडे परत कसे येतात? ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने विचारलं, पृथ्वी फिरते तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? हे हेकटपणाचे प्रश्न नव्हते. नावेचा दाखला पृथ्वीच्या फिरण्याची कल्पना करून देतो, पण ससाण्याचं काय, याचं उत्तर त्यात नाही. सरांचं वाक्य मी इथे ठेवून पाहिलं आणि मला ते पटलं. फक्त ते माउलींच्या ओवीइतकंच आर्यभटाच्या आर्येलाही लागू पडतं, हे त्यांनीही लक्षात घ्यायला हवं. दाखला मनाची तयारी करतो. पुरावा वेगळा गोळा करावा लागतो.

पण दाखल्याशिवाय पुराव्यापर्यंत कुणी पोचलं का? १५४३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात कोपर्निकस जेव्हा पृथ्वीच्या फिरण्याकडे येतो, तेव्हा तो काय देतो? आकडे नंतर. आधी तो रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’मधली ओळ देतो: आम्ही बंदर सोडून निघतो, आणि जमीन नि शहरं मागे सरत जातात. पुन्हा नाव. जगाचा नकाशा बदलणाऱ्या गणिती ग्रंथात दीड हजार वर्षांपूर्वीच्या महाकाव्यातली ओळ, आणि ती शोभेसाठी घातलेली नाही. वाचकाने आपली जागा सोडून दुसरीकडून बघावं यासाठी त्याला ती लागते.

मग येतो गॅलिलिओ. त्याचा ‘संवाद’ १६३२ साली निघाला, तोही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, इटालियनमध्ये. साल्वियाती, साग्रेदो, सिंप्लिचिओ अशी तीन पात्रं चार दिवस बोलतायत, असा त्याचा घाट आहे. वाचायला घेतला तर नाटकाच्या तालमीला बसल्यासारखं वाटतं. त्यातला एक उतारा मी तुम्हाला आग्रहाने वाचायला सांगेन. साल्वियाती म्हणतो, एखाद्या मित्राला घेऊन मोठ्या जहाजाच्या पोटातल्या खोलीत स्वतःला कोंडून घे. सोबत माश्या, फुलपाखरं असू देत. पाण्याच्या भांड्यात मासे सोड. वर एक बाटली टांग, तिच्यातून थेंब थेंब पाणी खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात पडू दे. जहाज उभं असताना हे सगळं नीट बघून ठेव. आता जहाज हव्या तेवढ्या वेगाने जाऊ दे, फक्त हेलकावे नकोत. थेंब त्याच भांड्यात पडतात. मासे सगळीकडे सारख्याच सहजतेने पोहतात. फुलपाखरं दमून जहाजाच्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत. म्हणजे आतून बघून जहाज चालतंय की उभं आहे, हे सांगताच येत नाही.

गॅलिलिओला वराहमिहिर माहीत असण्याचं कारण नाही. तरी त्या ससाण्याला उत्तर मिळालं ते जहाजासोबतच पुढे जाणाऱ्या या फुलपाखरांकडून, अकराशे वर्षांनी. उज्जैनकडचा प्रश्न आणि फ्लॉरेन्सकडचं उत्तर! आणि उत्तराचं रूप बघा: एक खोली, एक मित्र, फुलपाखरं, टपटपणारं पाणी. हे उत्तम ललित गद्य आहे. हा माणूस तरुणपणी, १५८८ साली, फ्लॉरेन्सच्या अकादमीत इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकाची मापं काय असतील यावर व्याख्यानं देत होता, हे कळल्यावर त्या गद्याचं आश्चर्य वाटेनासं होतं. पृथ्वीचं फिरणं लोकांना डोळ्यांनी दाखवणारा लंबक पॅरिसमध्ये फूकोने टांगला तो १८५१ साली. आर्यभटाच्या नावेपासून तिथवर साडेतेराशे वर्षं लागली.

तुमच्या भाषणामागे एक गृहीतक आहे, ताई. साहित्याला मान मिळायचा तर त्याने विज्ञानाच्या आधी काहीतरी शोधलेलं असलं पाहिजे. मला हे साहित्यावर अन्याय करणारं वाटतं. यात आपण नकळत विज्ञानाला परीक्षक करतो आणि माउलींना रांगेत उभं करून त्यांचे गुण मोजतो. ओवी सातशे वर्षांहून अधिक काळ तोंडात राहिली, ती सूर्य स्थिर आहे म्हणून नव्हे. आपण बसलोय ती नाव हलतेय, हे बसल्या जागी जाणवावं, असं तिने करून दाखवलं म्हणून. आणि हेच, बसल्या जागेवरून उठून दुसरीकडून बघणं, आर्यभटाला, कोपर्निकसला, गॅलिलिओलाही करावं लागलं. साहित्य आणि विज्ञान यांचं नातं मी इथे शोधते.

नातं दुसऱ्या बाजूनेही आहे, आणि ते आपल्या अंगणातलं आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’, साल ११५०. त्यातला भुंग्यांचा प्रश्न तुम्ही फळ्यावर लिहा. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ, एवढे भुंगे मालतीवर गेले. थव्याचे आठ-नवमांश तेही गेले. उरला एक भुंगा आणि एक भुंगी. रात्री सुगंधाच्या लोभाने तो कमळात शिरला, कमळ मिटलं, तो आत अडकून गुणगुणतोय आणि ती बाहेरून त्याला साद देतेय. सांग, प्रिये, भुंगे किती? उत्तर ७२. त्यांच्या निम्म्याचं वर्गमूळ ६, आठ-नवमांश ६४, आणि हे दोघं. सगळा श्लोक मालिनी वृत्तात. मुलांना आधी गणित सोडवू द्या, मग वृत्त पाडायला लावा, आणि मग विचारा, त्या दोघांना कमळाच्या आत-बाहेर ठेवायची भास्कराचार्यांना गरज काय होती? ‘उरले दोन’ म्हटलं असतं तरी ७२ च आले असते. या प्रश्नावर वर्ग जे बोलेल ते ऐका. मला त्याचं ठरलेलं उत्तर नको आहे, तुम्हीही देऊ नका.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेखही सांगण्यासारखा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या लेखात आहे. लेख संस्कृतात, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला दिलं, अशा अर्थाचा हिशेबी मजकूर आहे तो. म्हणजे आपल्या भाषेच्या अगदी सुरुवातीच्या कोरीव नोंदींपैकी एक आहे गणिताच्या शाळेच्या खर्चाबद्दल! मराठी भाषा गौरव दिनी हे सांगितलं तर सभागृहातला एकही विज्ञानाचा विद्यार्थी म्हणणार नाही की ही भाषा माझ्या कामाची नाही.

साहित्य आणि विज्ञान यांच्यातल्या भांडणाचाही इतिहास आहे, पण त्यावर फार वेळ घालवू नका. कीट्स हा कवी स्वतः लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकलेला, १८१६ साली वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झालेला. तरी १८२० च्या ‘लेमिया’त त्याने विज्ञानाने इंद्रधनुष्य उसवलं अशी तक्रार केली. १९५९ साली केंब्रिजमध्ये वैज्ञानिक आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी साहित्य आणि विज्ञान या ‘दोन संस्कृतीं’वर व्याख्यान दिलं आणि साहित्यिकांना थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम येत नाही म्हणून सुनावलं. ते त्यांच्या देशातल्या शिक्षणाबद्दल बोलत होते. आपल्याकडे दहावीनंतर शाखांचे अर्ज भरताना हीच फाळणी होते, आणि ती करणारे आपणच असतो.

भांडणापेक्षा मुलांना डार्विन सांगा. ‘बीगल’ जहाजावरच्या सफरीत जमिनीवर उतरताना सोबत एकच पुस्तक नेता येई, तेव्हा तो बहुधा मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ नेत असे. हाच डार्विन १८७६ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, आत्मचरित्रात लिहितो की आता मला कवितेची एक ओळही सोसवत नाही, शेक्सपिअर असह्य कंटाळवाणा वाटतो. माझं मन जणू माहितीच्या ढिगातून नियम दळून काढणारं यंत्र झालंय, असं तो म्हणतो. आणि पुन्हा आयुष्य मिळालं, तर आठवड्यातून निदान एकदा कविता वाचायची आणि संगीत ऐकायचं असा नियम करीन, म्हणजे मेंदूचे ते भाग वापरात राहतील. हा नुकसानीचा दाखला जीवसृष्टीचा इतिहास उलगडणाऱ्या माणसाने स्वतःहून लिहून ठेवलाय. ‘मराठी का शिकावी’ या प्रश्नावर आपण मराठीचे लोक जे काही सांगतो, त्यापेक्षा विज्ञानाच्या मुलांना हे ऐकू जाईल.

आता २७ आणि २८. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आहे आणि त्यांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ तुमच्या मुलांना ठाऊक असेलच. १९४२ च्या ‘विशाखा’तलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे गृहीत धरल्याशिवाय ही कविता उभीच राहू शकत नाही. चंद्र, शुक्र, मंगळ, ध्रुव सगळ्यांना नाकारून ती सूर्याच्या मागे युगानुयुगं फिरते आणि शेवटी दूर राहणंच पत्करते. इथे विज्ञान आधी आणि कविता नंतर, आणि तरी कवितेचं काही उणं झालेलं नाही. तुम्ही कविता म्हणा आणि सरांना विचारा, एवढी ओढ असून ती सूर्यात जाऊन पडत का नाही? ते सांगतील: सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, ती सारखी सूर्याकडे ओढली जातेच, पण या वेगामुळे तिची वाट त्याच्याभोवती वळत राहते. हे ऐकून कवितेचा शेवट पुन्हा म्हणा. त्या शेवटाचं दुःख वाढलेलं तुम्हालाच जाणवेल.

आणि २८ ला रामन. १९२१ साली विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने ते भारावले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे त्या वेळचं मान्य उत्तर. रामन यांनी डेकवरून निकोल प्रिझम या स्फटिकाच्या भिंगासारख्या साधनातून पाहिलं, परावर्तित प्रकाश बाजूला काढला, तरी निळाई उरलीच. यावरचं टिपण बोट मुंबई बंदरात आली तेव्हा ‘नेचर’ला पाठवायला तयार होतं. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जो ‘रामन परिणाम’ सापडला, त्याची एक सुरुवात या बोटीत आहे.

तेव्हा माझी सूचना अशी, की भाषण बाजूला ठेवा आणि कार्यक्रम नावेवर करा. आर्यभट, माउली, कोपर्निकसने घेतलेली व्हर्जिलची ओळ, गॅलिलिओचं जहाज, रामन यांची बोट. तासाभरात बसेल. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ हे वाक्य त्यात कुठेही येऊ देऊ नका. आलं की सभागृहातली निम्मी मुलं टाळ्या वाजवतील, निम्मी मनातून उठून जातील, आणि ओवी कुणीच ऐकणार नाही.

सरांशी बोलणं तुम्हालाच सुरू करावं लागेल. स्टाफरूममध्ये नको. त्यांच्या मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत जा, दोन ओव्या आणि आर्या एका कागदावर लिहून न्या. म्हणा, ‘‘सर, पुरावा म्हणून मी ओवी मांडणार नाही, ते तुमचं बरोबर आहे. पण सगळ्यांसमोर बोललात ते मला आवडलं नाही.’’ दोन्ही वाक्यं बोला. फक्त पहिलं बोललात तर दुसरं मनात कुजत राहील. आणि मग कागद पुढे करून विचारा, ‘‘या नावेचं तुम्ही काय कराल?’’ भौतिकशास्त्र मनापासून शिकवणारा माणूस या प्रश्नापुढे गप्प बसणं कठीण. त्यांच्याकडे चाकांची ढकलगाडी असेल. तिच्यावर स्टँड लावून बाटली टांगायची, खाली अरुंद तोंडाचं भांडं ठेवायचं, आणि मुलांसमोर गाडी एकसारख्या वेगाने ओढायची. धक्का बसला की थेंब बाहेर पडतो, गाडी एकसारखी चालली की आत पडतो. गॅलिलिओचा उतारा मोठ्याने वाचला जात असताना हे घडू दे.

मुलांसाठी एक स्पर्धा ठेवा, आयटीवाल्यांनाही खुली. बारावीच्या विज्ञानातली कुठलीही एक कल्पना घ्यायची आणि घरातल्या आजीला कळेल अशी दहा ओळींत मराठीत सांगायची, एकच दाखला वापरून. अकराव्या ओळीत लिहायचं, हा दाखला कुठे तुटतो. पहिल्या दहा ओळी तुम्ही तपासा, अकरावी सर तपासतील. नावेच्या दाखल्याला ससाणा आडवा आला, तसा प्रत्येकाने आपला ससाणा शोधायचा. तुमच्या वर्गात न बसणारी मुलंही यासाठी मराठीत विचार करतील, आणि मराठी का शिकावी याचं उत्तर तुम्हाला तोंडाने द्यावं लागणार नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. बी.एस्सी., इंजिनिअरिंगला असलेली आणि कविता वहीत लपवणारी मुलं मला लिहितात, ‘एक काहीतरी सोडायला हवं ना?’ असं विचारतात. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही गोष्ट नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण नको म्हणून. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. हेच नारळीकर पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी खगोलशास्त्रही सोडलं नाही आणि लिहिणंही. प्रत्येकाला दोन्हीत तेवढी उंची गाठता येईल असं नाही, आणि परीक्षेच्या महिन्यात वही मिटून ठेवावी लागली तर ठेवावी. पण ‘सोडायला हवं’ हा नियम कुणी केलेला नाही. पालकांनीही तो करू नये. आणि मराठी, हिंदी, इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी एकदा तरी शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन बसावं. तिथे बोलताना दाखले किती लागतात ते कळेल.

ताई, सर नाहीच म्हणाले तर? तरी कार्यक्रम होऊ शकतो. गॅलिलिओचं जहाज बारावी विज्ञानाच्या एखाद्या मुलीला मांडायला द्या आणि गाडीचा प्रयोग प्रयोगशाळा सहायकांच्या मदतीने बसवा. बहुतेक ठिकाणी ते आनंदाने येतात. ओव्या विज्ञान शाखेच्या मुलाकडून म्हणवून घ्या, आर्यभटाची आर्या कला शाखेच्या मुलीला द्या आणि अर्थ दोघांनाही एकमेकांचा सांगायला लावा. तालीम प्रयोगशाळेतच ठेवा, म्हणजे सर येता-जाता ऐकतील. भुंग्यांचा श्लोक मात्र तुम्ही स्वतः चालीवर म्हणा, आणि ७२ हे उत्तर सभागृहातून येईपर्यंत थांबा.